घर-अदलाबदलीभोवती उन्हाळी प्रवास कसा आखावा: निवृत्त दांपत्यांसाठी मार्गदर्शन

घरांची अदलाबदल म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरते आपले राहते घर दुसऱ्या कुटुंबाच्या स्वाधीन करणे आणि त्याच्या बदल्यात त्यांच्या घरी राहायला जाणे. यात कोणी कोणाला भाडे देत नाही. संकेतस्थळांमुळे ही पद्धत आज सोपी झाली असली, तरी ती नवी नाही. १९५३ साली युरोपातल्या काही शिक्षकांनी ‘इंटरव्हॅक’ ही संस्था सुरू केली, ती कमी खर्चात परदेश पाहता यावा म्हणून. शिक्षकांकडे उन्हाळ्याची लांब सुट्टी होती, पण दीर्घ मुक्कामाचा खर्च परवडण्यासारखा नव्हता. निवृत्त माणसाची स्थिती बरीचशी तशीच असते. वेळ हाताशी असतो, उत्पन्न ठरलेले असते आणि एका जागी दोन-तीन आठवडे निवांत राहण्याची मनाची तयारीही असते.

या मुक्कामाला गाडीने करायचा प्रवास जोडला, की मध्ये एक हक्काचे घर आणि त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर काही थांबे, असा उन्हाळा आखता येतो. पहिल्या वेळी आम्ही दोघांनी आधी नकाशा उघडला, वाटेतली ठिकाणे निवडली आणि मग त्या मार्गावर बसणारे घर शोधत राहिलो. दोन महिने गेले, एकही घर जुळले नाही. क्रम उलटा हवा होता, हे तेव्हा उमगले. अदलाबदलीच्या तारखा हा दुसऱ्या कुटुंबाला दिलेला शब्द असतो आणि त्यावर त्यांची रजा, तिकिटे आणि मुक्काम अवलंबून असतात. रस्ता मात्र निघण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बदलता येतो. म्हणून आधी घर, मग तारखा आणि सगळ्यांत शेवटी मार्ग, याच क्रमाने तयारी करावी.

अदलाबदलीचा प्रकार ठरवणे

अदलाबदल साधारण तीन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात दोन्ही कुटुंबे एकाच वेळी एकमेकांच्या घरी राहतात. दुसऱ्या प्रकारात तारखा वेगवेगळ्या असतात, म्हणजे ते आपल्याकडे वर्षारंभी येतील आणि आपण त्यांच्याकडे उन्हाळ्यात जाऊ. ज्यांच्याकडे दुसरे घर आहे किंवा जे तेवढे दिवस मुलांकडे राहू शकतात, त्यांना हा प्रकार सोयीचा पडतो. तिसरा प्रकार गुणांचा आहे. १९९२ साली सुरू झालेल्या ‘होमएक्स्चेंज’ या संकेतस्थळावरून पाहुणे ठेवले, की यजमानांच्या खात्यात ‘गेस्टपॉइंट्स’ जमा होतात आणि ते तिसऱ्याच एखाद्या सदस्याच्या घरी राहण्यासाठी वापरता येतात.

नवख्या दांपत्याने पहिल्या खेपेला एकाच वेळची अदलाबदल निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण त्यांच्या घरात आणि ते आपल्या घरात असताना काळजी दोन्ही बाजूंनी सारखीच घेतली जाते, घर रिकामे राहत नाही आणि कुंड्यांना पाणी घालण्यापासून पत्रपेटी रिकामी करण्यापर्यंतची कामे आपोआप होतात.

पत्र, बोलणे आणि लेखी ठराव

उन्हाळ्याच्या मुक्कामासाठी आठ-नऊ महिने आधी शोध सुरू करावा. घराचे वर्णन खरे लिहावे आणि छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, घर रोज असते तसे ठेवून काढावीत. लिफ्ट नसेल, रस्त्याचा आवाज येत असेल, दुसरी खोली लहान असेल, तर ते पहिल्याच ओळींत सांगावे. उणीव आधीच माहीत असली तर पाहुणे ती स्वीकारून येतात. ती आल्यावर दिसली तर सगळा मुक्काम नाराजीत जातो. पहिले पत्र छोटे असावे, पण ते त्याच घरासाठी लिहिलेले आहे, हे वाचणाऱ्याला जाणवले पाहिजे.

जुळण्याची शक्यता दिसली, की व्हिडिओ कॉलवर एकमेकांना घर फिरून दाखवावे. इथे आमच्या वयाच्या माणसांनी भीड सोडून प्रश्न विचारावेत. आम्ही स्वयंपाकघर पाहिले, बाग पाहिली, खिडकीतून दिसणारी टेकडी पाहिली, पण न्हाणीघर नीट पाहिले नाही. तिथे गेल्यावर कळले, की शॉवर बाथटबच्या आत आहे आणि टबचा काठ गुडघ्याच्याही वर येतो. माझ्या पतींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन तेव्हा दीड वर्षच झाले होते. पहिल्या सकाळी ते एक हात भिंतीला आणि एक माझ्या खांद्यावर ठेवून त्या काठावरून पाय उचलत होते आणि खाली फरशी ओली होती. शेजारणीने एक ठेंगणे, पक्के स्टूल आणि रबरी पायपुसणे दिले म्हणून पुढचे अठरा दिवस निभावले. तेव्हापासून आम्ही ठरावीक गोष्टी विचारतोच: गाडी उभी करण्याच्या जागेपासून दारापर्यंत पायऱ्या किती, जिन्याला कठडा आहे का, झोपायची खोली आणि शौचालय एकाच मजल्यावर आहे का, पलंगाची उंची किती, शॉवरमध्ये धरायला दांडी आहे का. सज्जन यजमानांना या प्रश्नांचा राग येत नाही. उलट आपल्या घराचा विचार दुसऱ्याच्या पायांनी करण्याची त्यांनाही संधी मिळते.

बोलणे झाल्यावर ठरलेले सगळे एका पानावर लिहून दोघांनीही मान्य करावे. येण्याजाण्याच्या तारखा आणि वेळा, राहणाऱ्यांची संख्या, वीज-पाण्याचे बिल कोणी भरायचे, निघताना साफसफाई कोणी करायची, काही मोडले तर काय करायचे, पाळीव प्राणी आणि झाडांची देखभाल, आणि आजारपणामुळे एका कुटुंबाला ऐनवेळी येता आले नाही तर पुढे काय, एवढे त्यात असावे. शेवटचा मुद्दा लिहायला अवघड वाटतो, पण साठीनंतर तो टाळू नये. अशा वेळी दुसऱ्या कुटुंबाने तरीही आपल्या घरी यावे की तारखा पुढे ढकलाव्यात, याचे उत्तर शांत डोक्याने आधीच ठरलेले बरे.

परवानगी, विमा आणि परवाना

घर भाड्याचे असेल तर घरमालकाची आणि सामायिक इमारतीत असेल तर तिच्या व्यवस्थापनाची लेखी संमती घ्यावी. घराचा विमा असेल, तर पैसे न घेता पाहुणे राहणार आहेत, असे विमा कंपनीला लेखी कळवून उत्तर जपून ठेवावे. घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामे राहिले, तर चोरी आणि पाणीगळतीचे संरक्षण कमी करणारे कलम अनेक पॉलिसींमध्ये असते. वेगवेगळ्या तारखांची अदलाबदल करणाऱ्यांनी ते आवर्जून वाचावे.

गाड्यांचीही अदलाबदल करण्याचा मोह होतो. दुसऱ्या कुटुंबातल्या चालकांची नावे आपल्या वाहन विम्यात लेखी नोंदवली जात नाहीत, तोवर किल्ली देऊ नये आणि घेऊही नये. गाडी भाड्याने घेणार असाल तर चालकाच्या वयाची वरची मर्यादा आधी विचारावी, कारण काही ठिकाणी ती ७० किंवा ७५ वर्षे असते. सीमा ओलांडायची असेल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मूळ परवान्याच्या देशातच काढावा लागतो. रस्ते वाहतुकीविषयीच्या १९४९च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला परवाना एक वर्ष चालतो आणि १९६८च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला जास्तीत जास्त तीन वर्षे. प्रत्येक देश दोन्ही मानतोच असे नाही. जपानमध्ये फक्त १९४९च्या करारानुसार दिलेलाच चालतो. आंतरराष्ट्रीय परवाना हा मूळ परवान्याचा अधिकृत अनुवाद असल्याने मूळ परवाना सोबत नसेल तर त्याला अर्थ राहत नाही.

रस्ता आखणे

आता नकाशा उघडावा. अदलाबदलीचे घर हा मधला खुंटा धरून जाण्याचा आणि येण्याचा मार्ग वेगवेगळा ठेवला, तर त्याच प्रवासात दुप्पट प्रदेश पाहून होतो. एका दिवसात गाडी चालवण्याचा वेळ चार ते पाच तासांपेक्षा जास्त ठेवू नये. नकाशा दाखवतो त्या वेळेत एक तृतीयांश भर घालावी, कारण त्या वेळेत थांबे, इंधन आणि चुकलेली वळणे धरलेली नसतात. प्रत्येक रात्री नवी खोली घेण्यापेक्षा एका ठिकाणी दोन रात्री राहावे. रोज बॅगा चढवणे-उतरवणे हे गाडी चालवण्यापेक्षा जास्त थकवते.

दिवसाची आखणी उन्हाच्या दिशेने करावी. पश्चिमेकडे जायचे असेल तर सकाळी निघावे, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. पूर्वेकडे जायचे असेल तर थोडे उशिरा निघाले तरी चालते, पण डोळ्यांवर येणारे कोवळे ऊन टाळावे. वयानुसार बुबुळाच्या मधली बाहुली लहान होते, डोळ्यातले भिंग पिवळसर होते आणि समोरच्या दिव्यांनी दिपलेली नजर पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो. म्हणून अंधार पडण्याआधी मुक्कामी पोहोचण्याचा नियम कडक पाळावा. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान शरीराला आपसूक सुस्ती येते, तेव्हा तो वेळ विश्रांतीसाठी राखून ठेवावा. झोप येऊ लागली तर खिडकी उघडून किंवा गाणी लावून ती जात नाही. सुरक्षित जागी थांबून पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटणे हाच उपाय आहे.

दर दोन तासांनी पंधरा मिनिटे थांबून चालावे आणि दोघांनाही गाडी येत असेल तर त्याच थांब्यावर चालक बदलावा. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार चार तासांहून जास्त वेळ बसून केलेल्या प्रवासानंतर पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि हे केवळ विमानाला लागू नाही, मोटारीलाही आहे. मूळ धोका लहानच असला तरी ज्यांना पूर्वी असा त्रास झाला आहे किंवा ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांशी बोलावे.

वेळापत्रकात दोन दिवस मोकळे सोडणे मी अत्यावश्यक मानते. पहिला मोकळा दिवस अदलाबदलीच्या घरी पोहोचण्याच्या आदल्या दिवशीचा. त्या रात्री घरापासून तासाभराच्या अंतरावर मुक्काम करावा, म्हणजे वाटेत गाडी बिघडली तरी किल्ल्यांची ठरलेली वेळ चुकत नाही. दुसरा परतीचा. पाहुणे आपल्या घरातून सकाळी निघणार असतील तर आपण त्याच संध्याकाळी तिथे पोहोचू नये, दुसऱ्या दिवशी पोहोचावे. त्यांचे निघणे लांबले तर दारात अवघडून उभे राहण्याची वेळ दोघांवरही येत नाही.

गाडीची तपासणी

निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सर्व्हिसिंग करून घ्यावे, आदल्या दिवशी नव्हे. दुरुस्तीत काही राहून गेले असेल तर ते मधल्या दिवसांत कळते. उन्हाळ्यात सगळा भार टायर, कूलंट, बॅटरी आणि एसीवर येतो. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटर ही अनेक देशांत कायद्याने ठरलेली किमान मर्यादा आहे, पण लांबच्या प्रवासाला त्या मर्यादेपाशी आलेला टायर घेऊन निघू नये. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि नंतरचे दोन वर्ष, म्हणजे २३२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. निवृत्तांच्या गाड्या कमी चालतात, त्यामुळे नक्षी शाबूत आणि रबर मात्र जुने, असे पुष्कळदा आढळते. हवा थंड टायरमध्ये मोजावी आणि सामान भरलेल्या गाडीसाठीचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या किंवा इंधनाच्या झाकणामागच्या पट्टीवर पाहावा. स्टेपनीतली हवाही तपासावी. जॅक आपल्याला स्वतःला लावता येत नसेल तर रस्त्यावरच्या मदतसेवेचा क्रमांक कागदावर लिहून गाडीत ठेवावा.

औषधे

औषधे संपूर्ण प्रवासाची आणि वर एका आठवड्याची घ्यावीत, दोन वेगळ्या पिशव्यांत अर्धी-अर्धी ठेवावीत आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, कारण कंपनीची नावे देशागणिक बदलतात. कधी मूळ नावही बदलते. पॅरासिटामॉल अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन या नावाने मिळते. बंद गाडी उन्हात उभी राहिली, की आतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी आणि तासाभरात वीस अंशांहून जास्त वाढते. बाहेर ३० अंश असले तर आत ५०च्या आसपास पोहोचते. काच थोडी खाली ठेवल्याने यात फारसा फरक पडत नाही. इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत राहायला हव्यात, आणि इतर गोळ्याही बहुधा २५ किंवा ३० अंशांच्या खाली ठेवायच्या असतात. तेव्हा औषधांची पिशवी आपल्याबरोबर गाडीतून उतरली पाहिजे. उतारवयात तहान कमी लागते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीरातले पाणी कमी करतात, म्हणून तहानेची वाट न पाहता प्रत्येक थांब्यावर पाणी प्यावे. चष्म्याची दुसरी जोडी विसरू नये.

आपले घर परक्या माणसासाठी तयार करणे

या कामाला दोन आठवडे लागतात आणि नवखी माणसे त्याला दोन दिवस देतात. तीस वर्षे एकाच घरात राहिल्यावर त्या घराच्या खोडी आपल्या हातांना पाठ झालेल्या असतात. कोणता दरवाजा किंचित उचलून ढकलावा लागतो, गिझरचे बटण कोणत्या खोलीत आहे, हे आपण कधी शब्दांत सांगितलेलेच नसते. यावर एक चांगला उपाय आहे. आपण दोघांनी एक रात्र पाहुण्यांच्याच पलंगावर झोपावे आणि सकाळी आपल्याच न्हाणीघरात परक्यासारखे जावे. टॉवेल टांगायला जागा नाही, वाचायच्या दिव्याचे बटण पलंगावरून हाताला लागत नाही, पडद्यातून पहाटेच डोळ्यांवर उजेड येतो, हे सगळे त्या एका रात्रीत समजते.

नंतर घराची वही लिहावी. तिच्या पहिल्या पानावर फक्त अडचणीच्या वेळच्या गोष्टी असाव्यात: आपला पूर्ण पत्ता, तातडीच्या सेवांचे क्रमांक, जवळचे रुग्णालय, मदतीला येईल त्या शेजाऱ्याचा फोन, आणि पाणी, गॅस व वीज मुख्य ठिकाणी कशी बंद करायची. पाण्याच्या मुख्य व्हॉल्व्हचे नुसते वर्णन पुरत नाही. आमचा व्हॉल्व्ह स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली, कचऱ्याच्या डब्यामागे आहे. आम्ही डबा सरकवून त्याचे छायाचित्र काढले, वहीत चिकटवले, फिरवण्याची दिशा बाणाने दाखवली आणि व्हॉल्व्हलाच लाल फीत बांधली. पाईप फुटल्यावर परक्या घरात माणूस परिच्छेद वाचत बसत नाही. पुढच्या पानांवर उपकरणे, वायफायचा पासवर्ड, कचरा कोणत्या दिवशी आणि कुठे ठेवायचा, आणि घराच्या खोडी लिहाव्यात. अक्षर मोठे ठेवावे.

प्रत्येक पाहुण्यासाठी एक रिकामा कप्पा, कपाटाची अर्धी दांडी आणि फ्रिजमध्ये एक मोकळा खण हवाच. कागदपत्रे, दागिने आणि जे मोडले तर मनाला कायमचे लागेल असे सगळे एका कपाटात ठेवून कुलूप लावावे आणि ते कपाट बंद असेल, हे पाहुण्यांना आधीच सांगावे. बाकीच्या वस्तू वापरल्या जातील आणि एखादा पेला फुटेलही, हे स्वीकारूनच किल्ली द्यावी. ज्यांना हे जमणार नाही असे वाटते, त्यांनी अदलाबदल करू नये. त्यात कमीपणा काहीच नाही. किल्ल्यांचे दोन जोड तयार करावेत, प्रत्येक किल्ली प्रत्यक्ष कुलपात फिरवून पाहावी आणि एक जोड शेजारी ठेवावा.

तिथे पोहोचल्यावर

घर काही दिवस बंद असेल तर आत शिरताच खिडक्या उघडाव्यात आणि सगळे नळ काही मिनिटे वाहू द्यावेत. शॉवर सुरू करून खोलीबाहेर थांबावे. साचलेल्या पाण्यात २० ते ४५ अंशांच्या दरम्यान लिजिओनेला हे जिवाणू वाढतात आणि त्या पाण्याचे तुषार श्वासातून आत गेले तर गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका अधिवेशनानंतर लिजिओनेलामुळे होणाऱ्या या रोगाची ओळख पटली. पन्नाशीपुढच्या माणसांना त्याचा धोका जास्त असतो, आणि उन्हाळ्यात बंद राहिलेल्या घरात पाणी कोमट होतेच.

त्यानंतर प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढावीत. त्यामागे संशय नसतो. निघताना उशा, खुर्च्या आणि भांडी होती तिथे परत ठेवण्यासाठी ती उपयोगी पडतात. मुख्य व्हॉल्व्ह आणि विजेचे मुख्य बटण पहिल्या संध्याकाळीच स्वतः जाऊन पाहावे. काही मोडले किंवा बिघडले तर त्याच दिवशी फोन करून सांगावे आणि भरपाई आपणहून विचारावी. पहिले दोन दिवस गाडी बाहेर काढू नये. पायी फिरून परिसर कळतो आणि रस्त्याचा शिणवटाही उतरतो. मग घराभोवती एका दिवसात जाऊन येता येतील अशा छोट्या सहली कराव्यात, आणि एक दिवस सहल, एक दिवस घर, अशी चाल ठेवावी.

निघताना आणि परतल्यावर

निघण्याच्या आदल्या दिवशी चादरी आणि टॉवेल धुवावेत, फ्रिज ठरल्याप्रमाणे आवरावा आणि मीटरचे आकडे टिपून ठेवावेत. घर बंद केल्यावर यजमानांना निरोप पाठवावा आणि किल्ली ठरलेल्या जागीच ठेवावी. परतीचा रस्ता जाण्याच्या रस्त्यापेक्षा थोडा छोटा ठेवलेला बरा. मुक्काम संपल्यावर मन घराकडे लागते आणि थांबे नकोसे वाटतात.

घरी पोहोचल्यावर काही खटकले तर लगेच लिहू नये, एक दिवस जाऊ द्यावा. घराची वही मात्र त्याच दिवशी उघडावी. आमच्या पाहुण्यांनी त्या लाल फितीच्या पानावर पेन्सिलीने एक ओळ लिहून ठेवली होती: व्हॉल्व्ह जड आहे, दोन्ही हातांनी फिरवावा लागतो, आधी डबा पूर्ण बाहेर काढावा. आम्ही ती ओळ शाईने गिरवली आणि दुसऱ्या आठवड्यात प्लंबरला बोलावून तो व्हॉल्व्ह बदलून घेतला.